दोरी ओढून खांदा दुखला, तरी पंप चालू होईना



तूर फुलावर आली, शेंगा धरू लागल्या की आभाळ हमखास येते, आणि त्याच्या मागोमाग घाटेअळी. अळी सुतासारखी बारीक असते तोवर औषध तिला लागू पडते. पेरभर झाली आणि शेंगेत तोंड घालून बसली की औषधाचे पैसे जातात आणि अळी तशीच राहते. म्हणजे फवारणीचे दिवस मोजून दोन-चार असतात. नेमक्या त्याच दिवशी माळ्यावरचा पंप खाली येतो, धूळ झटकली जाते, पेट्रोल भरले जाते आणि दोरी ओढणे सुरू होते. दहा वेळा, वीस वेळा, तीस वेळा. मग मुलगा ओढतो, मग सालदार ओढतो, मग रस्त्याने जाणाऱ्या एखाद्याला हाक मारली जाते. इंजिन काही बोलत नाही. पेट्रोलचा वास मात्र बांधापर्यंत येतो.

हा वास म्हणजेच इंजिनाने दिलेले उत्तर आहे. गावात म्हणतात, ‘पंप ओव्हर झाला.’ शब्द बरोबर आहे. इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेले आहे. आता जितके ओढाल तितके ते अधिक बुडत जाईल. पण दोरी न ओढता पाच मिनिटे विचार केला, तर दहापैकी आठ वेळा पंप घरच्या घरी चालू होतो, तालुक्याला नेण्याची वेळ येत नाही. आज त्याविषयीच लिहितो. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. पण गवत कापायचे यंत्र, छोटा पॉवर वीडर, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप यांनाही यातले बहुतेक लागू पडेल. बॅटरीचे पंप आता घरोघर झाले आहेत, त्यांना अर्थातच ही कटकट नाही. त्यांच्या कटकटी वेगळ्या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पेट्रोल स्वतः पातळ असताना पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीसुद्धा हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. दुसऱ्या शब्दांत, एक लिटर पेट्रोल नीट जाळायला आठ-नऊ हजार लिटर हवा इंजिनाला ओढावी लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल फार झाले, की ठिणगी पडूनही काही पेटत नाही. ओल्या काडाला आगपेटी लावण्यासारखे ते आहे. त्यातच प्लगच्या टोकावर पेट्रोल आणि काजळी यांचा ओला लेप बसतो. मग वीज फटीतून उडी मारून ठिणगी पाडण्याऐवजी त्या लेपातून गुपचूप उतरून जाते. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून अडवणूक: मिश्रण बिघडलेले आणि ठिणगी मेलेली.

तेव्हा पंप चालू होत नाही म्हटल्यावर पहिले काम दोरी सोडायची आणि प्लग काढायचा. बाकी काही उघडू नका. प्लग ओला आहे की कोरडा, एवढेच पाहा. ओला असेल तर पेट्रोल आत येते आहे, पण जळत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या वाटेने गेलात तर दिवस जातो. प्लग कोरडा असताना ठिणगीच्या मागे लागणारे आणि प्लग ओला असताना ‘पेट्रोल येत नाही’ म्हणून कार्ब्युरेटर खोलणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्लग ओला निघाला असे धरू. आता काय करायचे?

पहिल्यांदा पेट्रोलची तोटी बंद करा. नाहीतर तुम्ही उपसत राहाल आणि ती भरत राहील. फार ओले नसेल तर प्लग पुसून परत बसवा, चोक पूर्ण उघडा, म्हणजे हवेची वाट मोकळी करा, आणि रेस पूर्ण वाढवून आठ-दहा वेळा दोरी ओढा. यात इंजिन भरपूर हवा ओढते आणि साचलेले पेट्रोल बाहेर टाकते. बऱ्याचदा ते इथेच खोकते, धूर टाकते आणि चालू होते. मात्र रेस पूर्ण असल्यामुळे ते एकदम ओरडत उठेल, म्हणून पंप जमिनीवर घट्ट धरलेला असावा आणि चालू होताच रेस खाली आणावी. गवत कापायच्या यंत्राला तर पाते असते. रेस वाढवून ते चालू झाले की पाते त्याच क्षणी फिरते. पाते मोकळ्या जागी आहे, समोर कोणी नाही, पाय दूर आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या यंत्राला हा उपाय करू नका.

एवढ्याने भागले नाही तर प्लग पुन्हा काढा. चालू-बंद करायचे बटण ‘बंद’वर ठेवा. प्लगची टोपी म्हणजे ती जाड वायर भोकापासून दूर, दुसऱ्या बाजूला वळवून ठेवा. प्लगचे भोक तोंडाच्या दिशेने नको. आता सावकाश आठ-दहा वेळा दोरी ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडेल. तो थांबेपर्यंत ओढत राहा. टू-स्ट्रोक इंजिनात एक जास्तीची अडचण असते. तिथे पेट्रोलची वाट दट्ट्याच्या खालच्या खोलीतून, क्रँककेसमधून जाते, आणि ओव्हर झालेले पेट्रोल त्या खोलीत तळाला साचून राहते. म्हणूनच तुम्ही प्लग पुसून लावता, दोनदा ओढता आणि प्लग पुन्हा ओला निघतो. घाई केली तर हा खेळ दुपारपर्यंत चालतो. चांगले उपसून झाले की पंप सावलीत दहा-पंधरा मिनिटे तसाच उघडा ठेवा. तेवढ्यात चहा घ्या. उरलेले पेट्रोल उडून जाते.

प्लग स्वच्छ फडक्याने पुसा, काजळी असेल तर तारेच्या बारीक ब्रशने काढा. फट पाहा. छोट्या इंजिनांना साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर फट लागते, नेमका आकडा पंपाच्या पुस्तिकेत असतो. मोजपट्टी घरी नसते हे मला माहीत आहे. लोखंड कापायच्या हातकरवतीचे पाते पाठीच्या बाजूने साधारण तेवढ्याच जाडीचे असते. ते फटीत सैलसर न हलता जाते का पाहा. प्लग बसवताना आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. पान्ह्याचे काम शेवटी थोडेसेच: जुना प्लग असेल तर पाव फेरा, नवा असेल तर अर्धा. इंजिनाचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे असते. जोर लावून आटे गेले की पंधरा मिनिटांचे काम शेकड्यांत जाते. मग तोटी उघडा, आणि चोक न लावता दोरी ओढा. इंजिन आतून अजून ओलेच आहे, त्याला चोकची गरज नाही.

इथे जरा थांबून आगीविषयी बोलायलाच हवे. पुष्कळ ठिकाणी ओला प्लग वाळवायला चुलीत घालतात. प्लग वाळतो, हे खरे. पण पेट्रोलने भिजलेले हात आणि फडके घेऊन चुलीपाशी जायचे, आणि तापलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा गेला तर तो प्लग कायमचा गेला. दुसरी वाईट सवय म्हणजे प्लग भोकाजवळच धरून ठिणगी पाहणे. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, आणि तुम्ही नेमकी तिथेच ठिणगी पाडता. एका गावात असाच भडका उडाला होता. हाताच्या बोटांवर आणि भुवयांवर निभावले, म्हणून त्या घरचे लोक आजही हसून सांगतात. फवारणीच्या औषधांतली जी पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होतात, त्यांतल्या अनेकांत पेट घेणारे द्रावक असते. औषधाचा डबा, पेट्रोलचा कॅन आणि ठिणगीची तपासणी ही तीन कामे तीन ठिकाणी व्हायला हवीत. बिडी चौथ्या ठिकाणी, आणि काम संपल्यावर.

पंप चालू झाला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. तो ओव्हर का झाला, ते शोधायला हवे, नाहीतर उद्या पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त वेळा कारण असते चोक. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते थंड भिंतींवर दवासारखे चिकटते, म्हणून सुरुवातीला मिश्रण दाट करावे लागते. त्यासाठी चोक लावून हवा कोंडतो. पण हे फक्त पहिल्या तीन-चार ओढींपुरते. चोक लावून ओढताना इंजिन एकदा ‘फुक्’ करून बंद पडते, आठवते का? आपल्याला वाटते चालू झाले नाही. खरे तर तो त्याचा निरोप असतो: मला पेट्रोल पोचले, आता हवा द्या. त्या खोकल्यानंतर चोक उघडायचा असतो. आपण तो तसाच ठेवून पुढच्या दहा ओढी मारतो आणि इंजिन बुडवतो.

दुसरा प्रसंग दुपारचा. सकाळपासून पंप व्यवस्थित चालला, टाकी संपली, पेट्रोल भरले, पुन्हा चालू करताना सवयीने चोक लावला. तापलेल्या इंजिनाला चोक नको असतो. तिथे तो लावला की ओव्हर झालेच म्हणून समजा. आणि तापलेल्या इंजिनात लगेच पेट्रोल ओतूही नका. दहा मिनिटे जाऊ द्या. सांडलेला एक थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडायला वेळ लागत नाही.

काही कार्ब्युरेटरवर एक छोटे बटण असते. ते दाबले की आतला तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, खाली दबतो आणि वाटीत पेट्रोल भरते. क्षणभर दाबायचे बटण आहे ते. पेट्रोल गळेपर्यंत दाबून धरण्यात काही शहाणपण नाही.

चोक, बटण सगळे बरोबर वापरूनही पंप ओव्हर होत असेल तर फ्लोटच्या सुईकडे वळा. फ्लोटचे काम घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या गोळ्यासारखेच. वाटी भरली की गोळा वर येतो आणि सुई वाट बंद करते. सुईच्या जागेत कचऱ्याचा एक कण अडकला की वाट बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहते. ओळखायचे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून तोटी उघडा आणि पाच मिनिटे पाहत बसा. कार्ब्युरेटरमधून किंवा हवेच्या जाळीकडून पेट्रोल ठिबकू लागले तर सुई धरत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने वाटीवर हलके ठोका, कधीकधी कण सुटतो. नाही सुटला तर वाटी काढून स्वच्छ करावी लागेल. सुईच्या टोकावर खोबण पडली असेल तर मात्र स्वच्छ करून उपयोग नाही, ती बदलावी लागते. आणि रात्री तोटी बंद ठेवण्याची सवय असती तर सकाळी इंजिन बुडालेले सापडले नसते. सुई अर्धवट धरत असली तरी बंद तोटीपुढे तिचे काही चालत नाही.

वाटी काढलीच आहे तर जेट साफ करण्याचा मोह होतो. जेट म्हणजे पितळेचा तो बारीक भोकाचा तुकडा. दोन गोष्टी करू नका. एक, त्यात तार किंवा सुई घालून खरवडू नका. भोक केसभर मोठे झाले तरी पेट्रोल जन्मभर जास्त येत राहील, आणि मग तुम्ही म्हणाल पंपच खराब निघाला. सायकलच्या पंपाने हवा मारा, तेवढे पुरे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे: जेट तोंडाने फुंकू नका, पेट्रोलची नळी तोंडाने ओढू नका. हा साधा पंप नाही, विष फवारायचा पंप आहे. त्याच्या प्रत्येक नटबोल्टवर औषधाचा अंश बसलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पंप दुरुस्त करायला घेण्याआधी औषधाची टाकी रिकामी करून पंप बाहेरून धुवा, हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच भाकरीला हात लावा. औषधाने भरलेली टाकी पाठीवर किंवा तिरकी ठेवून दोरीशी झटापट करणे तर अजिबात नको. झाकणातून उसळलेले औषध मानेवरून उतरते.

हवेची जाळी राहिली. धुळीने ती बोंदली की पंपाला कायमचा चोक लावल्यासारखे होते. प्लग वारंवार काळा, सुक्या काजळीने भरलेला निघत असेल तर आधी जाळी काढून पाहा. स्पंजची असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. तेल लावायची असेल तर पुस्तिकेत तसे लिहिलेले असते. कागदाची असेल तर झटका, धुऊ नका. जाळीशिवाय पंप चालवून ‘आता बघा कसा पळतो’ असे दाखवणारे असतात. पळतो खरा, पण बांधावरची धूळ आत जाऊन रिंगा घासून टाकते.

आता दुसरी वाट. प्लग कोरडा निघाला तर काम सोपे असते. टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका, मी विचारतो आहे ते अनुभवाने. तोटी उघडी आहे का? नळी काढून पाहा, पेट्रोल धारेने येते की थेंबाने? थेंबाने येत असेल तर टाकीतली गाळणी तुंबली आहे. आणि टाकीच्या झाकणाचे छोटे भोक पाहायला विसरू नका. ते चिखलाने बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अशा पंपाची खूण अशी की तो पाच-दहा मिनिटे झकास चालतो, मग गळा दाबल्यासारखा बंद पडतो, आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू होतो. झाकण सैल केल्यावर तो लगेच चालू झाला तर दोष सापडला.

पेट्रोल येते, प्लग वाळवला, तरी काही नाही, मग ठिणगी. सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे नवा प्लग लावून पाहणे. फवारणीच्या हंगामात एक नवा प्लग आणि प्लगचा पान्हा पिशवीत असावाच. प्लगची टोपी सैल आहे का, बंद करण्याच्या बटणाची वायर कुठे घासून उघडी पडून पत्र्याला टेकली आहे का, हे पाहा. ती टेकली की इंजिनाला वाटते मालकाने बटण बंदच ठेवले आहे. ठिणगी पाहायचीच असेल तर आधी सांगितल्याप्रमाणे आतले पेट्रोल उपसून, सांडलेले पुसून, कॅन दूर नेऊन, प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या पट्ट्यांना भोकापासून लांब टेकवा आणि रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर, मधूनच पडणारी असेल आणि नव्या प्लगलाही तीच असेल, तर कॉइलचे काम आहे. ते मिस्त्रीकडे न्या. फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर त्याआधी ऑइल किती आहे ते बघा. पुष्कळ फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल कमी झाले की ठिणगी तोडणारी सोय असते. लोक कॉइल बदलतात आणि पाव लिटर ऑइलचा प्रश्न तसाच राहतो.

शेवटी दाब. दोरी ओढताना हाताला अडकल्यासारखे, मग सुटल्यासारखे जाणवले पाहिजे. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी येत असेल तर दाब गेला. पण थांबा, लगेच रिंगा बदलू नका. फार ओव्हर झालेल्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते आणि चांगल्या इंजिनाचाही दाब तात्पुरता पडतो. पेट्रोल उपसून झाल्यावर प्लगच्या भोकातून अर्धा चमचा ऑइल टाका, चार वेळा सावकाश ओढा, प्लग लावा. दाब आला, इंजिन धूर टाकत चालू झाले आणि नंतरही नीट राहिले, तर रिंगांना काही झालेले नाही. उलट ऑइल टाकल्यावरच दाब येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, असे होत राहिले तर रिंगा झिजल्या.

हे वाचून घरातली गाड्यांची हौस असलेली मुले कान टवकारतील म्हणून सांगतो. हाच आजार जगातल्या एका फार नावाजलेल्या इंजिनाला होता. जर्मनीच्या फेलिक्स वॅन्केलने मांडलेले रोटरी इंजिन जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून आपल्या गाड्यांत बसवले. त्यात वर-खाली जाणारा दट्ट्याच नाही. एक फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर गोल फिरतो. इंजिन वजनाने हलके, फिरायला गुळगुळीत. पण थंड गाडी चालू करून दारातून जरा पुढे सरकवली आणि लगेच बंद केली, की ते ओव्हर व्हायचे. थंडपणी मिळालेले जास्तीचे पेट्रोल जळायच्या आत गाडी बंद. प्लग ओले, रोटरच्या कडांवरच्या पट्ट्यांचे तेल धुतलेले, दाब गेलेला. २००३ ते २०१२ या काळात निघालेल्या आर-एक्स ८ गाडीच्या मालकांना ही व्यथा चांगली ओळखीची. उपाय तोच: पेट्रोल थांबवा, हवा द्या, प्लग वाळवा, थोडे तेल द्या. आपल्यालाही त्यातून एक गोष्ट घेता येते. पंप चालतो का पाहायला सकाळी ओट्यावर अर्धा मिनिट चालवून बंद करू नका. चालू केलाच तर दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्या.

आता पेट्रोलविषयी, कारण अलीकडे तक्रारी वाढण्याचे एक कारण तिथे आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉल आपल्याच उसाचे, मक्याचे. त्याला नावे ठेवायचे मला कारण नाही. पण त्याचा एक गुण ध्यानात ठेवा: ते पाणी ओढते. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर पडून राहिली, किंवा कॅनच्या झाकणातून पाणी शिरले, की पाणी आणि इथेनॉल एक होऊन तळाला बसतात, पेट्रोल वर राहते. कार्ब्युरेटर घेतो तळचे. म्हणजे इंजिनाला मिळते पाणीदार इथेनॉल, आणि टू-स्ट्रोकमध्ये मिसळलेले ऑइल राहते वर, पेट्रोलसोबत. असे इंजिन चालू होत नाही, आणि चालू झालेच तर तेलाविना घासते. शंका आली तर टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर ते सगळे टाकून द्या, मोटरसायकलमध्येही ओतू नका. जुन्या पंपांच्या रबरी नळ्याही या पेट्रोलने फुगतात, चिकट होतात. त्यांचेच तुकडे सुईखाली अडकतात. नळी बोटाने दाबून पाहा आणि मऊ लागली तर बदला.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल मिसळायचे प्रमाण पुस्तिकेतच पाहा. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. ‘जरा जास्त घातलेले बरे’ हा हिशेब तुपाला ठीक आहे. जास्त ऑइल म्हणजे तेलकट प्लग, आणि तेलकट प्लग म्हणजे पुन्हा दोरी. मोजायला औषधाच्या बाटलीचे टोपण घेऊ नका. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचेच नसते. एकाच घरात दोन्ही यंत्रे असतील तर दोन कॅन ठेवा आणि त्यांवर रंगाने ठळक लिहा.

इथे भगिनींना एक विनंती. पेट्रोल-ऑइलचे मिश्रण थंड पेयाच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवलेले दिसले तर घरातल्या पुरुष माणसाला न विचारता उचलून बाहेर काढा. त्या ऑइलला लाल-निळा रंग असतो, सरबतासारखा. लहान मूल रंगाला भुलते. कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका. पेट्रोल फुप्फुसात उतरते. सरळ दवाखाना गाठा.

हंगाम संपला की पंप पेट्रोलसकट माळ्यावर टाकू नये. टाकी रिकामी करा, तोटी उघडी ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटीतले पेट्रोलही जळून जाईल. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून चमचाभर ऑइल आत टाका, दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग लावा. पंप उभा ठेवा, आडवा नको. पुढच्या हंगामात फवारणीच्या आठ दिवस आधी तो काढून ताज्या पेट्रोलवर चालवून पाहा. एखादा भाग आणायचा निघाला तर हातात आठवडा असेल, आणि तालुक्याच्या मिस्त्रीकडे रांगही नसेल.

पुढच्या वेळी नोझलविषयी लिहीन. झिजलेल्या नोझलमधून एकरी किती औषध वाया जाते, ते घरच्या बादलीने कसे मोजायचे, ते पाहू.